नाझनीनच्या तीन दाढा

अहमदपूरच्या एसटी स्टँडावर चार वर्षं जो आवाज गाड्या पुकारायचा, तो नाझनीनचा होता. "लोहामार्गे नांदेडला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे." दिवसातून पंधरा-वीस वेळा ती हे म्हणायची आणि शेवटच्या वेळीही ते सकाळच्या पहिल्या गाडीसारखंच ताजं वाटायचं. उदगीरकडचे म्हातारे खिडकीशी येऊन म्हणायचे, "पोरी, तू बोललीस की गाडी खरंच येती बघ."

वडील करीम गाद्या भरायचे. ते अचानक गेले आणि घरात नाझनीन आणि तिची आई अमीरबी, दोघीच उरल्या. त्याच वर्षी नांदेडच्या सद्दामशी तिचं लग्न ठरलं, आणि त्याच वर्षी डाव्या गालात दुखायला लागलं. सकाळी उठल्यावर जबडा गच्च व्हायचा. भाकरीचा तुकडा चावला की खालच्या दाढेतून कानापर्यंत कळ जायची. माईकसमोर 'फलाट' म्हणताना 'फ'लाच तोंड आखडायचं. अब्बा गेल्यापासून ती झोपेत दात आवळत होती, पण हे ना तिला ठाऊक होतं, ना अमीरबीला.

गावात डॉ. वीरेश मळगे यांचा दवाखाना चांगला चालायचा. हात झटपट, बोलणं रोखठोक. नाझनीननं बोट ठेवलं ती दाढ त्यांनी पाहिली, एक्स-रे काढला आणि म्हणाले, "मुळाशी काहीतरी हाय. काढून टाकू." दाढ काढली. आठ दिवस बरं वाटलं, मग कळ शेजारच्या दाढेत गेली. तीही काढली. तीन महिन्यांनी वरची. प्रत्येक वेळी तिनं तोंड उघडलं, डोळे मिटले आणि विश्वास ठेवला.

चौथ्यांदा ती गेली तेव्हा दवाखान्यात गर्दी होती आणि आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला, टेबलावर टाकला आणि अमीरबीकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिच्या तोंडात काहीबी न्हाई. हे दुखणं डोक्यातलं हाय. लग्नाची पोरगी हाय ना? मंग? नाटकं हायत सगळी. लावून द्या एकदाचं, आपोआप थांबतंय."

बाहेरच्या बाकावर कुणी तरी हसलं. त्याच बाकावर सद्दामची एक मावशी बसलेली होती. पंधरा दिवसांत नांदेडहून निरोप आला. पोरीच्या डोक्यात फरक आहे असं ऐकलं, आम्हाला माफ करा. अमीरबीनं फोन ठेवला आणि पीठ मळत बसली. त्याच महिन्यात नाझनीननं स्टँडावरची नोकरी सोडली. तिला कुणी काढलं नव्हतं. पण अर्ध्या वाक्यात तोंड अडकणारी बाई गाड्या पुकारू शकत नाही, हे तिला स्वतःलाच कळत होतं.

पुढचं दीड वर्ष तिनं डाळ-भात मऊ करून खाल्ला आणि कुणालाही दुखतंय म्हणून सांगितलं नाही. सांगितलं की नाटक ठरतं, एवढं ती शिकली होती.

शेवटी अमीरबीनंच तिला हाताला धरून नांदेडला एका दंत महाविद्यालयात नेलं. तिथं डॉ. सृष्टी नावाच्या तरुण प्राध्यापिकेनं तिच्या तोंडात बघण्याआधी बाहेरून गालावर बोट ठेवलं. कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्याजवळ. आणि हळूहळू दाब वाढवला.

नाझनीन किंचाळली. "दाढेत गेली कळ!"

"कुठल्या दाढेत?"

तिनं जिभेनं चाचपलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "मॅडम, तिथं तर दाढच न्हाई. काढलेली हाय."

सृष्टीनं बोट काढून घेतलं. मग समोर बसून तिनं सांगितलं, की गालात एक जाडजूड स्नायू असतो, चावायला लागतो तो. त्याला इजा झाली किंवा तो सतत आवळलेला राहिला की दुखतो, पण मेंदूला जागा नीट कळत नाही. मेंदू सांगतो, दाढ दुखतेय. माणूस दाढेवर बोट ठेवतो. समोरच्यानं गाल दाबून पाहिला नाही, तर तोही दाढच बघतो.

"म्हंजे माझ्या दाढा चांगल्या होत्या?"

सृष्टीनं त्यांनी अहमदपूरहून आणलेले जुने एक्स-रे उजेडात धरले. "हो. तिन्ही."

अमीरबीला तिथंच रडू फुटलं. नाझनीनला नाही फुटलं. परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट स्पष्ट होत होती. ज्या माणसानं तिच्या तोंडातून तीन चांगल्या दाढा उपटल्या, त्यानंच भरल्या दवाखान्यात तिला खोटारडी ठरवलं होतं. दुखणं सोसलं होतं ते वेगळं. हे तिला सोसायचं नव्हतं.

उपचार आठ महिने चालले. झोपताना दातांवर घालायची पट्टी, गरम पाण्याचा शेक, आरशासमोर जबड्याचे व्यायाम. तोंड दोन बोटांवरून तीन बोटं उघडायला लागलं, आणि आवाज परत आला. तो आवाज ऐकून सृष्टीनं एक दिवस विचारलं, "माझ्याकडे काम करशील?"

काम विचित्र होतं. सृष्टी या स्नायूच्या दुखण्यावर संशोधन करत होती, आणि त्यासाठी ती धडधाकट माणसांना मुद्दाम दुखवायची. नाझनीनला आधी हे पटेना. सृष्टीनं समजावलं, "तुझ्यासारखं माणूस येतं तेव्हा दुखणं वर्ष-वर्ष जुनं असतं. कधी सुरू झालं, कशानं झालं, काही कळत नाही. पण चांगल्या माणसाच्या गालात पाच टक्के मिठाचं पाणी चार थेंब टोचलं, की दुखणं कुठं सुरू झालं आणि किती वाजता, हे आपल्याला पक्कं माहीत असतं. मग ते कुठं कुठं पसरतं, ते मोजता येतं. सहा-सात मिनिटांत ओसरतं, इजा काही होत नाही." आधी तिनं दुसऱ्या रीतीनंही करून पाहिलं होतं, माणसांना मिनिटं-मिनिटं दात आवळायला लावून. पण त्यात कुणाला जास्त दुखायचं, कुणाला काहीच नाही. मिठाचं पाणी भरवशाचं होतं.

प्रत्येक माणसाला तेच शब्द, त्याच सुरात, दर पंधरा सेकंदांनी ऐकवायला हवे होते. आवाज हळुवार झाला तर माणूस दुखणं कमी सांगतो, धसमुसळा झाला तर जास्त. नाझनीन समोर बसायची आणि म्हणायची, "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही इतकं. आता किती?" मग पुन्हा, "आता किती?" माणूस आकडा सांगायचा, ती लिहायची. शेवटी चेहऱ्याचं छापील चित्र पुढं करायची, त्यावर माणसानं दुखरी जागा रंगवायची. कॉलेजची पोरं हसत खुर्चीत बसायची आणि दुसऱ्या मिनिटाला त्यांचे डोळे भरायचे.

एका दुपारी डबा खाताना ती म्हणाली, "मॅडम, ह्या पोरांना टोचून काय होणार? दाढा काढणाऱ्यांना टोचा की."

सृष्टी हसली. मग हसायची थांबली.

पुढच्या वर्षी तेच संशोधन उभं राहिलं. नांदेड आणि लातूर जिल्ह्यातले चोवीस दंतवैद्य, स्वखुशीनं येणारे. त्यांना स्नायूत टोचायचं आणि विचारायचं, कुठं दुखतंय. माणसांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या कमिटीची परवानगी आली. फोन लावायचं काम नाझनीनकडे होतं. यादीत लातूर जिल्ह्यातली बरीच नावं होती. डॉ. वीरेश मळगे त्यात नव्हते. ते नाव तिनं स्वतःच्या अक्षरात खाली लिहिलं आणि पहिला फोन त्यांनाच लावला.

संशोधनात भाग घेतल्याचं प्रमाणपत्र मिळतंय म्हटल्यावर डॉक्टर खूश झाले. "येतो की. तुमचा आवाज कुठं तरी ऐकल्यासारखा वाटतो, मॅडम."

"स्टँडावर ऐकला असेल, साहेब," ती म्हणाली. त्यांना तो विनोद वाटला.

ते यायचे त्या सकाळी नाझनीन सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत आली. कपाटाची किल्ली तिच्याकडे असायची. आत पाच टक्क्यांच्या पाण्याच्या सीलबंद बाटल्या होत्या, आणि ज्यातून ते पाणी तयार करत ती तीव्र मिठाच्या पाण्याची बाटलीही होती. तिनं ती बाटली बाहेर काढली. सिरिंज त्यातून भरायला अर्धं मिनिट लागलं असतं आणि कुणाला कळलं नसतं. गालाचं मांस आतून भाजल्यासारखं झालं असतं त्याचं.

तिनं बाटली हातात धरून बराच वेळ विचार केला आणि परत ठेवली. भल्या मनानं ठेवली असं कुणी समजू नये. मी त्याच महाविद्यालयात कामाला आहे; तिनंच मला नंतर सांगितलं, "जास्त टोचलं असतं तर तो म्हणला असता, ह्यांनी काहीतरी गडबड केली, म्हणून दुखलं. मला त्याला खरं दुखणं द्यायचं होतं. सगळ्यांना देतो तेवढंच. पाच टक्के. माझ्यापेक्षा कितीतरी कमी."

डॉक्टर आले, संमतीपत्रावर सही केली, खुर्चीत आरामात टेकले. नाझनीनच्या तोंडावर मास्क होता. सृष्टीनं डाव्या गालात सुई घातली, पाणी सोडलं आणि बाजूला झाली.

"आता किती?"

"एक. काही विशेष न्हाई."

"आता किती?"

"चार." त्यांनी पाय हलवले.

"आता किती?"

"सात. अरे बापरे. सात... साडेसात." त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर आवळला गेला.

नाझनीनचा सूर बदलला नाही. त्या माणसाच्या कपाळावर घाम येताना ती बघत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला पंधरा सेकंद लांब वाटत होते. "आता किती?"

"आठ! थांबवा हे. डॉक्टर, खालच्या डाव्या दाढेला काहीतरी झालंय. सुई मुळाला लागली का?"

"सुई दाढेच्या जवळपासही नाही, सर," सृष्टी म्हणाली. "ओसरेल. तुम्हाला उठायचं असेल तर उठू शकता."

ते उठले नाहीत. सातव्या मिनिटाला आकडा एकवर आला. नाझनीननं चेहऱ्याचं चित्र पुढं केलं. डॉक्टरांनी पेन्सिलीनं खालच्या डाव्या दाढा गडद काळ्या केल्या, मग वरची एक. गालावर त्यांनी एक रेघही मारली नाही.

शेवटचा प्रश्न तिनं वाचला, "हेच दुखणं घेऊन पेशंट तुमच्याकडे आला, तर तुम्ही काय कराल?"

"एक्स-रे. रूट कॅनाल करावं लागेल. न्हाई तर काढावी लागेल." एवढं म्हणेपर्यंत त्यांना आपण काय म्हणतोय ते कळलं, आणि ते थांबले.

नाझनीननं उत्तर शब्दाला शब्द लिहून घेतलं. मग मास्क काढला.

"ओळखलं का साहेब?"

त्यांनी बघितलं. खरंच ओळखलं नाही. तिनं तोंड उघडलं, बोटानं गाल बाजूला ओढला आणि रिकाम्या हिरड्या दाखवल्या. खाली दोन, वर एक. त्यांनी चित्रावर काळ्या केल्या होत्या नेमक्या त्याच जागा.

"ह्या तुम्ही काढल्या. आणि वर म्हणलात, हिची नाटकं हायत. बाहेर माणसं बसली होती. तुमचं दुखणं सात मिनिटांत गेलं. माझं दुखणं तीन वर्षं होतं. सांगा आता, तुम्ही नाटक करत होता का?"

डॉक्टरांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. ते सृष्टीकडे वळले. "ही बाई डूख धरून बसलेली होती, आणि तिला समोर बसवून तुम्ही मला टोचलंत? मी लेखी तक्रार करीन." ते प्रमाणपत्र न घेताच निघून गेले.

सृष्टीनं दार लावलं. "त्यांचं नाव यादीत तू घातलंस?"

"हाव."

"बाटलीला हात लावलास?"

"लावला. परत ठेवली."

सृष्टीनं डोकं धरलं. तिनं सील तपासलं, पाणी तपासायला पाठवलं. बरोबर पाच टक्केच निघालं. पण विचारणाऱ्याच्या मनात राग असेल तर तो कागद संशोधनात धरता येत नाही. डॉक्टरांचे आकडे बाद झाले, आणि नाझनीनला त्या कामातून बाजूला करावं लागलं. सृष्टी तिला रागावली नाही, पण दोन दिवस नीट बोललीही नाही. नाझनीननं किल्ली टेबलावर ठेवली. पश्चात्ताप झाला का, असं मी विचारलं होतं. "मॅडमचं नुकसान झालं, त्याचा झाला," ती म्हणाली. "बाकी कशाचा न्हाई."

तक्रार कधी आली नाही. तक्रार करायची म्हणजे आपण कुठल्या दाढा काळ्या केल्या तेही सांगावं लागलं असतं.

नाझनीन अहमदपूरला परतली. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यातून माणसं दवाखान्यात यायची. त्या दिवशी ती दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसली. गाल धरून कुणी आलं की ती उठून जायची. "मावशी, दाढ दुखती का? एक काम करा. इथं, कानाखाली, स्वतःच्या बोटानं दाबून बघा. दाबल्यावर दाढेत कळ गेली, तर डॉक्टरला आधी हे दाखवा. दाढ काढायच्या आधी विचारा, स्नायू बघितला का म्हणून." एवढंच. कुणाला अडवलं नाही, कुणाला डॉक्टरबद्दल वाईट सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर तोंड उघडून दाखवायची.

पहिल्या बाजारी दोन बायका दारातून परत फिरल्या. चौथ्या बाजारापर्यंत आत गेलेला प्रत्येक माणूस गालावर बोट ठेवून विचारायला लागला. अमीरबी म्हणाली, "बेटा, पुरे कर आता. लोक काय म्हणतील?" नाझनीन म्हणाली, "लोक म्हणले तेव्हा मी कुठं थांबवलं त्यांना?"

सातव्या बाजारी डॉक्टर स्वतः टपरीवर आले. कंपाउंडरला पाठवलं नाही, हे तिनं मनात नोंदलं.

"तुला काय पाहिजे?"

"कागदावर लिहा. तिन्ही दाढा चांगल्या होत्या. चूक तुमची. पोरगी खोटं बोलत नव्हती. आणि जिथं ते बोललात तिथंच वाचा."

"माफी मागतो ना. इथंच मागतो."

"माफी नको मला."

ते आणखी एक आठवडा थांबले. मग पुढच्या बाजारी, बाक भरलेले असताना, ते आतल्या खोलीच्या दारात कागद घेऊन उभे राहिले आणि भराभर, खालच्या आवाजात वाचून गेले. नाझनीन भिंतीशी उभी होती.

"मागच्यांना ऐकू आलं न्हाई," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा वाचलं. या वेळी आवाज फाटला. बाकावरची एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, "कोण पोरगी म्हणं?" नाझनीननं हात वर केला. "मी. मी ती पोरगी." मग डॉक्टरांकडे बघून म्हणाली, "आता आणखी एकदा, साहेब. वरच्या दाढेसाठी." आणि त्यांनी तिसऱ्यांदा वाचलं. ते वाचत असताना त्यांचा डावा हात नकळत गालावर गेला होता, असं ती सांगते. तेवढ्या एका गोष्टीनं आपल्याला थंडावा मिळाला, असंही सांगते. तो कागद तिनं सद्दामच्या घरी पाठवला नाही. त्या घराचं तिला काही नको होतं. तिनं तो अमीरबीला दिला. अमीरबीनं घडी घालून स्वतःच्या कपड्यांत ठेवला.

सृष्टीनं पुढं तिला दुसऱ्या कामावर परत घेतलं, नोंदणीच्या खिडकीवर. तिथं ती रोज गाल धरलेली माणसं बघते.

मागच्या महिन्यात अहमदपूरची एक बाई नांदेडला आली होती. तिनं कौतुकानं सांगितलं, की मळगे डॉक्टर आता फार बदललेत, दाढ बघण्याआधी गाल दाबून बघतात, आणि त्यांनीच तिला इकडे पाठवलं. मी तेव्हा खिडकीशीच उभा होतो. मला वाटलं, नाझनीनला बरं वाटेल. ती बाई गेल्यावर मी तसं म्हणालोही.

नाझनीननं अर्जावरचा शिक्का जोरात आपटला. "एका बोटाचं काम होतं," ती म्हणाली. "माझ्या वेळी बोट न्हवतं का त्याला?"

आणि तिनं पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.